विश्वाचे दप्तर

पुण्यात विज्ञानावरील व्याख्यान संपून प्रश्नोत्तरांना आरंभ झाला, की श्रोत्यांतील कोणी एक गृहस्थ उठतात आणि प्रश्न न विचारता, 'विज्ञानालाही सर्व काही उमगलेले नाही,' एवढे विधान करून पुन्हा आसनस्थ होतात. सभागृहातील निम्मी मंडळी समाधानाने माना डोलावतात आणि वक्ता, वेळ झाल्याचे पाहून, हसून विषय मिटवतो. विधान सर्वस्वी खरे आहे. विश्वरचनाशास्त्राचा कोणताही प्रामाणिक अभ्यासक ते त्या गृहस्थांच्या आधी आणि त्यांच्याहून अधिक तपशिलाने करील. परंतु सभेत ते ज्या सुरात केले जाते, त्या सुरामागे अज्ञाताची एकच अखंड, निराकार आणि सोयीस्कर रास कल्पिलेली असते, जिच्या पोटात ज्याला जे हवे ते त्याने खुशाल ठेवावे. प्रस्तुत पुस्तक त्या राशीची मोजदाद करण्यासाठी लिहिले आहे. विश्वाविषयी काय ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते उपकरण तोकडे म्हणून, काळ अपुरा म्हणून, की निसर्गाची घडणच तशी म्हणून. आणि या प्रत्येक प्रकारच्या अज्ञानाची हद्द कोणी, कशी व कितपत अचूकतेने ठरवली, याचा हिशेब शक्य तेथे आकड्यांनिशी मांडावा, एवढाच त्याचा मनसुबा आहे. ज्ञानाची मर्यादा हीसुद्धा मोजून मिळवावी लागते, आणि ज्याने ती मोजलेली नाही त्या विनयाला फारशी किंमत नाही, हे या प्रस्तावनेचे प्रतिपाद्य होय.

अशी मोजदाद ठेवण्याची वृत्ती आपल्याकडे अगदीच परकी होती असे मानण्याचे कारण नाही. कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ आणि त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी पंधराव्या-सोळाव्या शतकांत ग्रहगणिताची जी कामगिरी केली, तिचे मर्म शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात उलगडून दाखवले आहे. प्राचीन सिद्धांतग्रंथांवरून काढलेले ग्रहाचे स्थान आणि आकाशात डोळ्यांना दिसणारे त्याचे स्थान यांत अंतर पडत चालले आहे, हे केशवांनी स्वतः वेध घेऊन ताडले होते, आणि पुढेही असे अंतर पडत राहणार, तेव्हा त्या त्या काळच्या गणकांनी नव्याने वेध घेऊन गणित दुरुस्त करावे, अशी त्यांची स्पष्ट धारणा होती. १५२० चा आरंभकाल धरून रचलेल्या 'ग्रहलाघवा'त गणेश दैवज्ञांनी तर कोणत्याही एका पक्षाशी, म्हणजे सिद्धांतपरंपरेशी, इमान न राखता, ज्या ग्रहाचे गणित ज्या पक्षाने आकाशाशी जुळते, तो पक्ष त्या ग्रहापुरता पत्करला. या कसोटीला जुने लोक दृक्प्रत्यय म्हणत. ग्रंथ कितीही पूज्य असो, आकाशाने त्याची रुजुवात दिली पाहिजे, आणि न दिल्यास किती अंशांनी दिली नाही हे लिहून ठेवले पाहिजे, ही शिस्त त्यात अनुस्यूत आहे. आणि आधुनिक विश्वशास्त्राचा सारा डोलारा अद्यापि याच शिस्तीवर उभा आहे.

मधला काळ थोडक्यात ओलांडतो. केरो लक्ष्मण छत्र्यांची ग्रहसाधनाची कोष्टके, पंचांगशुद्धीचे वाद, आणि भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली उभी राहिलेली व प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांनी चालवलेली तख्तसिंगजी वेधशाळा, या गोष्टींचा परामर्श पहिल्या प्रकरणात घेतला आहे. त्या वेधशाळेतील २० इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. नायगामवाला १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा मोडली आणि सामान कोडाईकनालला रवाना झाले. सरकारी खात्यांची ही वहिवाट जुनीच आहे.

आपल्या विषयाचे खरे पुणेरी प्रकरण मात्र गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात घडले, आणि त्याचा प्रारंभ पुण्याहून पुष्कळ दूर झाला. १९४८ साली हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी असे मत मांडले होते की विश्व प्रसरण पावत असले तरी त्याला आरंभ नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तशी मोकळ्या झालेल्या जागेत नवी द्रव्यनिर्मिती होते आणि कोणत्याही युगात पाहिले तरी विश्वाची सरासरी मुद्रा तीच राहते. या मताला स्थिर-स्थिती सिद्धांत म्हणतात. त्याचे मोठे सामर्थ्य असे की तो खोटा पाडता येण्याजोगा होता: दूरच्या, म्हणजेच प्राचीन काळच्या, विश्वाची शिरगणती जवळच्या विश्वाहून निराळी निघाली, की त्याचा फैसला झाला. १९६१ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी नेमकी अशी शिरगणती पुढे केली. अंधुक रेडिओ-स्रोतांची संख्या स्थिर-स्थिती सिद्धांताला परवडेल त्याहून अधिक आहे, असा त्यांचा दावा होता. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे प्रतिपक्षाची कैफियत मांडायची, आणि हॉईल यांना त्या दिवशी अन्यत्र जाणे प्राप्त. तेव्हा ती कामगिरी त्यांच्या बावीस वर्षांच्या शिष्यावर आली. कोल्हापुरात जन्मलेला आणि काशीत वाढलेला तो शिष्य म्हणजे जयंत विष्णु नारळीकर.

नारळीकरांचा युक्तिवाद असा होता की द्रव्याची वाटणी फार मोठ्या अंतरापर्यंत असमान असू शकते, दीर्घिकांच्या समूहांचेही महासमूह असू शकतात, आणि आपण एखाद्या विरळ प्रदेशात बसून गणती करीत असलो, तर जवळचे स्रोत कमी व दूरचे अधिक भासणे क्रमप्राप्त आहे. महासमूहांची कल्पना त्या काळी फारशी कोणाला पटत नव्हती. पुढे ती निर्विवाद ठरली, आणि २०१७ साली सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवरचा, ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला 'सरस्वती' नावाचा महासमूह ज्यांनी शोधला ते संशोधक पुण्याच्याच आयुका आणि आयसर या संस्थांतले होते. युक्तिवादाचे गृहीतक खरे निघाले. ज्या सिद्धांताच्या बचावासाठी तो केला तो मात्र त्याने वाचला नाही. शास्त्राच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते, आणि वादात कोण जिंकले एवढेच विचारणाऱ्याच्या हाती त्यातले काहीच लागत नाही.

आता दुसरी बाजू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी उटीजवळच्या एका डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दंडगोलाकार रेडिओ दुर्बीण १९७० साली कार्यान्वित केली. उतार निवडला तो त्या स्थळाच्या अक्षांशाएवढ्या, सुमारे ११ अंशांच्या, कलाचा, जेणेकरून दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहावा आणि केवळ एका अंगावर फिरवून तासन्‌तास तोच स्रोत दृष्टीत ठेवता यावा. गरिबीतून निघालेली ही हुशारी होती आणि तिला तोड नव्हती. चंद्र आकाशातून सरकताना एखाद्या रेडिओ-स्रोताला झाकतो. त्या पिधानाच्या वेळी संकेत कसा मावळतो आणि पुन्हा कसा उगवतो, यावरून स्रोताचे कोनीय माप काढता येते. अशा शेकडो अंधुक स्रोतांची मापे उटीला जमली, आणि स्वरूप व त्यांचे सहकारी विजय कपाही यांनी १९७५ साली त्यांवरून असा निष्कर्ष काढला की पूर्वीच्या विश्वात असे स्रोत संख्येने अधिक आणि आकाराने लहान होते. विश्वाची मुद्रा युगानुयुगे बदलत आली आहे. स्थिर-स्थितीच्या विरुद्ध हा एक स्वतंत्र दाखला होता, आणि तो भारतीय भूमीवरून, भारतीय यंत्राने दिलेला होता.

योगायोग असा, की पुढे स्वरूप आणि नारळीकर हे दोघेही पुण्यास आले आणि एकमेकांचे शेजारी झाले. स्वरूप यांचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि १९८८ साली स्थापन होऊन २००३ पर्यंत नारळीकरांच्या संचालकत्वाखाली वाढलेली आयुका या संस्था गणेशखिंडीत लगतच्या आवारांत आहेत. ज्याच्या मोजमापांनी ज्याच्या सिद्धांताला सुरुंग लावला, ते दोघे एकाच परिसरात, एकाच विद्यार्थिवर्गाच्या देखत, आपापले मत न लपवता वर्षानुवर्षे काम करीत राहिले. पुण्याच्या इतर विद्वत्‌-वादांचा इतिहास, त्यांतील खाजगी वैमनस्ये आणि छापील शिव्याशाप यांसह, ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना या घटनेचे अप्रूप वाटल्यावाचून राहणार नाही.

नारळीकरांनी आपला पक्ष पुरता सोडला नाही. १९९३ साली हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिरवत्‌-स्थितीचे सुधारित प्रतिमान मांडले, ज्यात विश्व दीर्घ कालावधीने आंदोलने पावत हळूहळू पसरते आणि सर्वत्र भरून राहिलेले २.७ केल्व्हिन तपमानाचे सूक्ष्मतरंग प्रारण हे महास्फोटाचे अवशेष नसून, ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातील लोहकणांच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा उत्सर्जित केल्याने उद्भवते. बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे पटले नाही. प्रस्तुत लेखकालाही त्या प्रारणाची मोजमापे पाहता पुराव्याचे पारडे पलीकडे झुकलेले दिसते. तथापि, २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात दिवंगत होईपर्यंत नारळीकर जो आक्षेप घेत राहिले, तो त्यांच्या प्रतिमानाच्या पराभवाने निकालात निघत नाही. आक्षेप असा की महास्फोटाच्या पहिल्या क्षणांविषयी जे ठामपणे सांगितले जाते, ते ज्या भौतिकीवर आधारलेले आहे तिची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत झालेली नाही. जिनिव्हाजवळच्या महाकाय कणवेगवर्धकात सुमारे १३.६ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा साधता येते. विश्वाच्या आद्य क्षणी झालेल्या अतिशीघ्र प्रसरणाच्या प्रचलित आराखड्यांत जी ऊर्जा सामान्यतः गृहीत धरतात, ती याच्या जवळजवळ लाख कोटी पट आहे. मधला सारा मुलूख बिनमोजणीचा. तेथे जे लिहिले जाते ते अनुमान आहे. उत्तम, सुसंगत, पुष्कळदा फलद्रूप झालेले अनुमान आहे, पण त्याला पाहणी म्हणू नये, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती रास्त होती.

येथे विषयाच्या गाभ्याकडे वळतो. विश्वशास्त्राला आपण रसायनशास्त्र वा विद्युच्छास्त्र यांच्या पंक्तीला बसवतो ते सवयीने. स्वभावतः त्याचे खरे नाते इतिहाससंशोधनाशी आहे. विश्व पुन्हा घडवून पाहता येत नाही. जे एकदा घडले त्याचे कागद काय शिल्लक आहेत, ते कोणाच्या हातून आले आणि वाटेत त्यांना काय काय झाले, एवढेच तपासता येते. ज्या शहरात राजवाड्यांनी जुन्या कागदांसाठी वणवण केली, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले, त्या शहरातील वाचकाला हे अधिक फोड करून सांगणे नको. दप्तरात नसलेल्या कागदावरून इतिहास लिहिता येत नाही, आणि कागद नाही म्हणून घटना घडलीच नाही असेही म्हणता येत नाही. विश्वाच्या दप्तराचे वैशिष्ट्य इतकेच की त्यातील कोणता कागद का गहाळ आहे, हे आपल्याला बहुतेक ठिकाणी नेमके सांगता येते.

पहिली हद्द प्रकाशाच्या वेगाने घातलेली आहे. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. तेवढ्या अवधीत जेथून प्रकाश आपल्यापर्यंत येऊ शकला तेवढेच आपले दृश्य विश्व, आणि मधल्या काळात अवकाश पसरत गेल्याने त्याची आजची त्रिज्या सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे भरते. तिच्या पलीकडे विश्व आहे असे मानायला सबळ कारणे आहेत. तेथले काहीही अद्याप आलेले नाही. शिवाय प्रसरणाचा वेग वाढत असल्यामुळे एक दुसरे, अधिक क्रूर क्षितिज आहे: आज आपल्यापासून सुमारे १६-१७ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेतून आज निघालेला प्रकाश आपल्याकडे कधीही पोहोचणार नाही. तिचे जुने पत्र मिळत राहील, नवे मिळणार नाही. आणखी शंभर अब्ज वर्षांनी कोणी निरीक्षक असलाच, तर त्याला आपल्या निकटच्या समूहापलीकडे एकही दीर्घिका दिसणार नाही, आणि विश्व पसरत आहे ही गोष्ट त्याने कितीही बुद्धी खर्चिली तरी आकाशाकडे पाहून त्याला कळणार नाही. वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेलेल्या कागदांबद्दल हळहळणाऱ्या इतिहासकाराला हे दुःख समजेल. आपण दप्तर पुष्कळसे शाबूत असताना जन्मलो, हे आपले भाग्य.

दुसरी हद्द प्रकाशाच्या पारदर्शकतेची. जन्मानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंत विश्व इतके तप्त व विद्युद्‌भारित होते की प्रकाश सरळ जाऊच शकत नसे. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी ज्याचा शोध जाहीर केला ते सूक्ष्मतरंग प्रारण त्या अपारदर्शक काळाच्या शेवटच्या पृष्ठभागावरून आलेले आहे. त्याच्या अलीकडचे दिसते, पलीकडचे कोणत्याही तरंगलांबीच्या प्रकाशाने दिसणार नाही. ही भिंत मोठ्या दुर्बिणीने पाडता येत नाही. गुरुत्वीय तरंगांना मात्र ती अडवत नाही, म्हणून हद्द पक्की असली तरी ती ओलांडण्याची वाटच नाही असे नाही.

तिसरी हद्द सर्वांत सूक्ष्म, आणि माझ्या मते सर्वांत विचार करायला लावणारी आहे. विश्व एकच आहे. वैद्य शंभर रोग्यांवर औषध पाहतो, संख्याशास्त्री हजार नाणी उडवतो. विश्वशास्त्रज्ञाला एकच नमुना, तोही एकाच जागेवरून पाहिलेला, एवढ्यावर भागवावे लागते. सूक्ष्मतरंग प्रारणातील चढउतारांचे पृथक्करण करताना लहान कोनांच्या मापात आकाशाचे असंख्य तुकडे स्वतंत्र दाखल्यांप्रमाणे वापरता येतात. पण सर्वांत मोठ्या कोनाच्या, चतुर्ध्रुवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मापात अख्ख्या आकाशातून अवघे पाच स्वतंत्र आकडे मिळतात. पाच आकड्यांवरून काढलेल्या सरासरीत सुमारे ६३ टक्क्यांची अनिश्चितता राहते, आणि हे प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाहून दहापट चांगला उपग्रह पाठवला तरी ती तशीच राहणार, कारण दोष यंत्राचा नाही. मोजायला दुसरे आकाश नाही. अज्ञानाचे इतके नेमके मोजमाप अन्य कोणत्या विद्येने केले असल्यास ते प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेले नाही.

विश्वातील द्रव्य-ऊर्जेपैकी ज्याला आपण ओळखतो असे अणुमय द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के आणि कृष्णऊर्जा ६८ टक्के, हा जमाखर्च आता शाळकरी मुलांनाही पाठ असतो, आणि 'म्हणजे ९५ टक्के ठाऊकच नाही' असा त्याचा अर्थ लावला जातो. अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे हे ठाऊक नाही; ते किती आहे, कोठे साचलेले आहे, त्याच्या गुरुत्वाने दूरचा प्रकाश किती वाकतो, हे मात्र पुष्कळ अचूकतेने ठाऊक आहे. नाव-गाव न कळलेल्या माणसाचा शेतसारा वसूल झाल्याची पावती दप्तरात असावी, तसा हा प्रकार आहे.

उपकरणाच्या मर्यादेचे उदाहरण मात्र घराजवळचे घ्यावे. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे सर्वांच्या तोंडची जीएमआरटी, उभी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यभागी दाट आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर दूर दूर विखुरलेल्या. घन पत्र्याऐवजी दोरखंडांनी ताणलेली पोलादी तारांची हलकी जाळी वापरण्याची गोविंद स्वरूप यांची युक्ती नसती, तर एवढा विस्तार आपल्या खजिन्याला पेलला नसता. ही दुर्बीण ज्या हेतूंनी बांधली त्यांतील एक प्रमुख हेतू, आरंभीच्या विश्वातील उदासीन हायड्रोजनचा मंद संकेत पकडणे, हा होता. तो संकेत आजवर तिला मिळालेला नाही.

मिळालेला नाही, म्हणजे काय, हे पाहण्यासारखे आहे. महास्फोटानंतर सुमारे ५५ ते ६० कोटी वर्षांच्या काळातील हायड्रोजनचा शोध घेणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जीएमआरटीच्या निरीक्षणांवरून २०११ साली असे जाहीर केले की संकेतातील चढउतार ७० मिलिकेल्व्हिनहून अधिक असू शकत नाहीत. 'सापडला नाही' असे न म्हणता 'असलाच तर याहून मोठा नाही' असे म्हणणे, हे अज्ञानाला आकार देणे होय. त्यामुळे त्या काळाविषयीची काही प्रतिमाने तत्काळ बाद होतात. परंतु आपल्या आकाशगंगेचे स्वतःचे रेडिओ प्रारण त्या संकेताच्या हजारो पट प्रबळ असते, आणि ते उपसून काढताना खऱ्या संकेताचाही काही भाग त्याबरोबर वाहून जातो की काय, अशी शंका त्याच गटाला आली. त्यांनी निरीक्षणांत कृत्रिम संकेत मिसळून किती हरवतो ते तपासले आणि २०१३ साली मर्यादा सुधारून २४८ मिलिकेल्व्हिनवर नेली. म्हणजे, आपल्याला वाटले होते त्याहून आपल्याला कमी ठाऊक आहे, असे त्यांनी आपल्या सहीनिशी छापले. कोणी तकरार केली नव्हती, कोणाचा हुकूम नव्हता. मर्यादेचीही मर्यादा तपासून ती मागे घेणारा हा निबंध वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येण्याजोगा नव्हता. या पुस्तकात मात्र त्याला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे.

हद्दीला वळसा घालण्याचेही मार्ग असतात. २०२० साली राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या संशोधकांनी, नूतनीकरण झालेल्या याच दुर्बिणीतून, आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र रचून त्यांतील हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान काढले. त्यांतील एकही दीर्घिका स्वतंत्रपणे दिसण्याइतकी ठळक नव्हती. समुदायाविषयी ज्ञान आहे, व्यक्तीविषयी नाही: अशा अवस्थेला ज्ञान म्हणावे की नाही याचा खल तत्त्वज्ञांनी करावा, त्या सरासरीवरून एवढे मात्र कळले की त्या दीर्घिकांतील वायू त्यांच्या तारानिर्मितीच्या वेगाने एक-दोन अब्ज वर्षांतच संपणार होता. बाकी, जुन्नर तालुक्यातील मोबाईलचे मनोरे, विजेच्या तारा आणि पुणे–नाशिक लोहमार्गाची नियोजित आखणी यांचाही या ज्ञानाच्या हद्दीशी थेट संबंध आहे, हे खोडदच्या अभियंत्यांना विचारावे. तेथे विश्वाची मर्यादा कधी कधी ग्रामपंचायतीच्या बैठकीत ठरते.

आता आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या विधानाचा जो सर्वांत प्रचलित उपयोग होतो, त्याविषयी. विज्ञानाला मर्यादा आहेत, अतएव फलज्योतिषाला वाव आहे, असा तो उपयोग. वस्तुतः फलज्योतिषाचे दावे विज्ञानाच्या हद्दीच्या पलीकडे नाहीत, ते अगदी चावडीसमोर आहेत, आणि त्यांची परीक्षा पुण्यात झालेलीही आहे. नारळीकर, पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या व प्रत्येक सहभागी ज्योतिष्याला ४० पत्रिका पाठवून कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. उत्तरे २७ जणांकडून आली; यशाचे प्रमाण सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या आणि १०२ बरोबर ओळखल्या. नाणे उडवूनही याहून निराळे निघाले नसते. ज्या प्रश्नाचा निकाल लागू शकतो, तो अज्ञेयाच्या कोठारात लोटणे हा अज्ञेयाचाच अपमान आहे.

नासदीय सूक्ताविषयीही एक शब्द. विश्वाच्या उत्पत्तीवर मराठीत लिहायचे आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील त्या सूक्ताने शेवट करायचा, हा प्रघात इतका रुळला आहे की वाचक ते शोधील. ते या पुस्तकात नाही. त्याची काव्यशक्ती आणि त्यातील निर्भय शंका यांबद्दल प्रस्तुत लेखकाला नितांत आदर आहे. पण शंका विचारण्याचे धैर्य आणि शंकेच्या सीमा आखण्याचे तंत्र या दोन गोष्टी आहेत, आणि येथे दुसरीचा विचार कर्तव्य आहे. मुलांनी स्वाक्षरी मागितली असता नारळीकर त्यांना पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवायला सांगत, आणि सहीनिशी उत्तर देत. प्रश्न एका कार्डात बसेल इतका नेमका केल्यावाचून उत्तर मिळत नाही, हे त्या मुलांना त्यातून आपोआप कळत असावे.

पुढील प्रकरणांत सर्वांत ताजा वाद प्रसरणाच्या वेगाचा आहे. आद्य प्रारणावरून काढलेला वेग दर दशलक्ष पार्सेकला सेकंदास सुमारे ६७ किलोमीटर निघतो, ताऱ्यांच्या आणि अधिनवताऱ्यांच्या अंतरांवरून काढलेला सुमारे ७३, आणि दोन्ही पक्षांनी सांगितलेली चूक या तफावतीहून पुष्कळ लहान आहे. कोणाच्या तरी हिशेबात खोट आहे किंवा भौतिकीत काही तरी नवे आहे. गुरुत्वीय तरंगांवरून तिसरा, स्वतंत्र हिशेब करता येतो. २०१७ साली मिळालेल्या पहिल्या दाखल्याने ७० हा आकडा दिला, पण त्याची चूक इतकी मोठी होती की दोन्ही वादी त्यात आरामात मावले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली आहे आणि तिच्या सिद्धतेत आयुकाचा वाटा मोठा आहे. ती चालू झाल्यावर अशा स्रोतांची दिशा पुष्कळ नेमकी कळेल आणि मग या कज्ज्याला मुदत घालता येईल.

महास्फोटापूर्वी काय होते, या प्रश्नावर स्वतंत्र प्रकरण नाही. त्याला परिशिष्टात जागा दिली आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणांत त्या क्षणी घनता अनंत होते, म्हणजे समीकरणे आपला अंमल तेथे संपल्याचे स्वतःच सांगतात. त्यापलीकडे नेणारे जे प्रस्ताव आहेत त्यांत धुळे जिल्ह्यातील शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि त्यांचे सहकारी यांचे कार्य अग्रगण्य आहे: त्यांच्या पुंज-गुरुत्वाच्या गणितात अनंत घनतेचा क्षण येतच नाही, आकुंचन पावणारे पूर्वविश्व एका प्रचंड पण सांत घनतेला पोहोचून उसळी घेते आणि आपले विश्व होते. गणित देखणे आहे, आणि त्या उसळीची खूण आद्य प्रारणात कोठे उमटावी याचाही अंदाज त्यांनी केला आहे. ती खूण सर्वांत मोठ्या कोनांवर उमटावी, असे त्यांचे गणित सांगते. जेथे आपल्याजवळ पाचच आकडे आहेत.